दारू सुटली, पुढे काय?

आमच्या मेडिसिन वॉर्डात दारू सोडायची म्हणून क्वचितच कोणी येतं. लोक येतात ते कावीळ झाली म्हणून, रक्ताची उलटी झाली म्हणून किंवा फिट आली म्हणून. दाखल झाल्यावर दारू आपोआप बंद होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, कोणाला भिंतीवर किडे चालताना दिसतात. हा काळ धोक्याचा असतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम दारू तोडू नये, असं मी प्रत्येक नातेवाइकाला सांगतो ते यासाठीच. वॉर्डात मात्र हे आम्हाला सांभाळता येतं. औषधं आहेत, थायमिनची इंजेक्शनं आहेत, रात्रपाळीच्या अनुभवी सिस्टर आहेत. आठ-दहा दिवसांत माणूस भानावर येतो, दाढी करतो, पोरांची चौकशी करतो. डिस्चार्जच्या वेळी बायको हात जोडते आणि मला ओशाळल्यासारखं होतं. कारण आम्ही केलं ते त्यातलं सोपं काम. भावाशी वाटणीवरून पहिली बोलाचाली होईल, त्या संध्याकाळी अवघड काम सुरू होणार असतं.

या अवघड कामाचा ज्यानं आयुष्यभर विचार केला, तो माणूस डॉक्टर नव्हता. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात कमावून बसलेला आणि दारूपायी सगळं घालवलेला गृहस्थ होता. नाव विल्यम ग्रिफिथ विल्सन. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजेच एए या संघटनेच्या दोन संस्थापकांपैकी एक. सदस्यांनी जाहीरपणे नाव लावायचं नाही या तिथल्या रिवाजामुळे हयातभर तो बाहेरच्यांसाठी नुसता ‘बिल डब्ल्यू.’ राहिला. पूर्ण नावानं तो वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला तो मृत्यूनंतरच.

बिलचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या ईस्ट डॉर्सेट या खेड्यातला. वडील दगडखाणीच्या धंद्यात होते. तो दहा-अकरा वर्षांचा असताना आईवडिलांचा घटस्फोट झाला, वडील दूर पश्चिमेकडे निघून गेले, आई वैद्यकीचं शिक्षण घ्यायला बोस्टनला गेली आणि बिल व त्याची बहीण आजोळी राहिले. आजोबांनी एकदा सहज म्हटलं की बूमरँग करणं ऑस्ट्रेलियातल्या लोकांनाच जमतं. झालं. पोरानं कित्येक महिने दुसरं काही केलं नाही. शेवटी स्वतःच्या पलंगाच्या उशाकडची फळी कापून त्यानं बूमरँग केलं आणि ते फिरून परत आलं. कौतुक झालं. आपण पहिले आलो तरच आपल्याला किंमत आहे, हे त्या दिवसापासून डोक्यात बसलं असं तो पुढे सांगत असे.

शाळेत तो खरोखरच पुढे गेला. बेसबॉल, व्हायोलिन, वर्गाचं अध्यक्षपद. १९१२ च्या नोव्हेंबरात त्याचं जिच्यावर प्रेम होतं ती बर्था बॅमफर्ड न्यूयॉर्कला शस्त्रक्रियेनंतर अचानक वारली. बिल कोसळला. अभ्यास सुटला, परीक्षा हुकली. पुढे कॉलेजात छातीत धडधडायचं, श्वास अडकल्यासारखा व्हायचा, आपण मरणार असं वाटायचं. आज माझ्या ओपीडीत असा मुलगा आला तर केसपेपरवर काय लिहायचं ते मला माहीत आहे. तेव्हा त्याला कोणी काही नाव दिलं नाही. हे सगळं दारूच्या पहिल्या थेंबाआधीचं आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

तो थेंब आला १९१७ मध्ये. पहिल्या महायुद्धासाठी अमेरिका सज्ज होत होती, बिल तरुण लष्करी अधिकारी म्हणून न्यू बेडफर्ड गावी होता आणि गावातली श्रीमंत घरं अधिकाऱ्यांना मेजवानीला बोलावत होती. उंच, बुजरा, हातपाय कुठे ठेवावेत हे न कळणारा हा खेड्यातला मुलगा अशा दिवाणखान्यात अवघडून जाई. हातात पेला आला आणि ते अवघडलेपण विरघळलं. लोक हसून बोलू लागले, तोही बोलू लागला. त्याला हवं ते औषध मिळालं होतं, फक्त मात्रा ठरवायला कोणी नव्हतं. दारू मेंदूतली भीतीची कळ काही तास दाबून धरते. मेंदू मग त्या दाबाविरुद्ध जोर लावतो आणि पेला उतरला की भीती आधीपेक्षा मोठी होऊन परत येते. बरीच वर्षं हे चाललं की भीतीसाठी दारू आणि दारूमुळे भीती, असा रहाट सुरू होतो.

पुढची सतरा वर्षं थोडक्यात सांगतो, कारण अशी सतरा वर्षं वाचकांपैकी अनेकांनी आपल्या चाळीत किंवा घरात पाहिली असतील. २४ जानेवारी १९१८ ला त्यानं लोइस बर्नहॅमशी लग्न केलं. युद्धावरून परतल्यावर तो शेअर बाजारात शिरला आणि चमकला. कंपन्यांची आतली हालत पाहायला तो आणि लोइस साइडकार लावलेल्या मोटारसायकलवरून गावोगाव हिंडले. १९२९ ला बाजार कोसळला, पण त्याच्याआधीच बिल कोसळू लागला होता. आता पिणार नाही असं त्यानं घरातल्या बायबलच्या पानावर लिहून दिलं, पुन्हा दिलं, आणखी एकदा दिलं. लोइस एका मोठ्या दुकानात नोकरी करून घर चालवू लागली.

न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये तो चार वेळा दाखल झाला. तिथले डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ हे त्या काळच्या मानानं वेगळे गृहस्थ. दारुड्याला चारित्र्यहीन म्हणायच्या त्या दिवसांत ते सांगत की हा आजार आहे. शरीराला दारू सोसत नाही आणि मनाला तिच्यावाचून राहवत नाही. डिसेंबर १९३४ मध्ये शेवटच्या खेपेला एका रात्री बिलला लख्ख प्रकाश दिसला, मोकळं वाटलं. त्या वेळी तिथे बेलाडोना दिलं जाई आणि बेलाडोनानं भास होऊ शकतात, हे डॉक्टर म्हणून मला सांगायला हवं. आपल्याला वेड लागलं का, असं त्यानं घाबरून सिल्कवर्थना विचारलं. त्यांनी त्याला जे मिळालंय ते धरून ठेवायला सांगितलं. वय एकोणचाळीस. त्यानंतर तो कधीही प्यायला नाही.

आपल्याकडे व्यसनमुक्तीच्या गोष्टी बहुधा इथे संपतात. बिलच्या आयुष्यात खरं शिकण्यासारखं इथून पुढे आहे.

पहिला प्रसंग पाच महिन्यांनंतरचा. एका रबर यंत्रांच्या कंपनीचा ताबा मिळवायच्या लढाईसाठी तो ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात गेला होता. लढाई हरला. बरोबरचे लोक न्यूयॉर्कला परतले. शनिवार, ११ मे १९३५ ची दुपार. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो येरझाऱ्या घालतोय, खिशात दहाएक डॉलर, बिल भागवायची पंचाईत, हातात अपयश. लॉबीच्या एका टोकाला बार, तिथून हसण्याखिदळण्याचे आवाज येताहेत. आत जाऊन नुसतं सोडा पिऊन गप्पा मारू, कोणाची तरी ओळख होईल, असा विचार आला. मग त्याला एकदम भीती वाटली. आपण आता पिणार, हे त्याला कळलं.

त्यानं मनाशी वाद घातला नाही, शपथही घेतली नाही. बायबलवरच्या शपथांचं काय झालं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? गेले पाच महिने तो न्यूयॉर्कमध्ये दारुड्यांना गाठून सुधारू पाहत होता. त्यातला एकही टिकला नव्हता, पण त्या खटाटोपात आपण स्वतः मात्र प्यायलो नाही, हे त्याला आठवलं. लॉबीच्या दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि शेजारी गावातल्या चर्चची यादी. त्यानं एका धर्मगुरूंना फोन लावला आणि सांगितलं की मी परगावचा दारुडा आहे, मला बोलायला दुसरा एखादा दारुडा हवा आहे. नावं मिळाली. एकामागून एक फोन करत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. त्यांना असा एक माणूस माहीत होता: डॉक्टर रॉबर्ट स्मिथ, गावातले सर्जन. पण ते त्या दिवशी भेटणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी मातृदिन, म्हणून ते बायकोसाठी फुलझाडाची कुंडी घेऊन घरी आले होते. कुंडी टेबलावर होती आणि डॉक्टर टेबलाखाली.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता दोघे भेटले. डॉक्टर बॉब पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते. उठले ते रात्री अकरा वाजून गेल्यावर. सुधारणा करायला आलेले लोक त्यांनी पुष्कळ पाहिले होते. हा मात्र स्वतःच्या गरजेनं आला होता.

मेफ्लॉवरच्या लॉबीतल्या त्या काही मिनिटांबद्दल मी खूपदा विचार केला आहे. दारू सुटून पाच महिने झाले तरी मेंदू पूर्ववत झालेला नसतो. झोप तुटक, चिडचिड जास्त, छोट्या गोष्टीचा मोठा धक्का. थांबून विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग अजून अशक्त आणि सवयीचा भाग तगडा. अशा वेळी एकट्यानं बसून शांतपणे निर्णय घे, असं सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला जिना चढ म्हणण्यासारखं आहे. बिलनं निर्णय एकट्यानं घेतलाच नाही. स्वतःच्या आणि बारच्या मध्ये त्यानं एक माणूस उभा केला.

डॉक्टर बॉब जूनमध्ये एकदा घसरले. वैद्यकीय परिषदेला म्हणून गेले आणि पिऊन परतले. त्यानंतर त्यांना एक ऑपरेशन करायचं होतं आणि हात स्थिर नव्हता. ऑपरेशनच्या सकाळी बिलनं त्यांना हात स्थिरावण्यापुरती बियर पाजली आणि रुग्णालयात नेऊन सोडलं. हे वाचताना माझ्यासारख्याच्या अंगावर काटा येतो. आज असा हात थिएटरच्या दाराशीही जाऊ देणार नाहीत, जाऊ देऊही नये. रुग्ण वाचला. डॉक्टर मात्र कित्येक तास घरी आले नाहीत. सगळ्यांना वाटलं, गेला बाबा पुन्हा. ते गावभर हिंडून, ज्यांचे पैसे थकवले, ज्यांना तोंड चुकवलं, त्या लोकांना भेटत होते. एए आपला स्थापनादिन मानते तो हा दिवस, १० जून १९३५.

दुसरा प्रसंग आनंदाचा आहे, म्हणून अधिक अवघड. १९३६ मध्ये टाउन्स हॉस्पिटलच्या मालकानं बिलला बोलावून सांगितलं, तू इथेच बसून हे काम कर. ऑफिस देतो, पैसे देतो, नफ्यात वाटा देतो. लोइस अजून दुकानात राबत होती. बिल हवेत तरंगतच घरी आला. त्या संध्याकाळी ब्रुकलिनच्या घरी नेहमीची बैठक होती. त्यानं उत्साहानं बातमी सांगितली आणि समोरचे चेहरे पडलेले पाहिले. मग एकेकानं सौम्यपणे सांगितलं: हे काम पैशासाठी केलंस तर आपण एकमेकांशी जे बोलतो त्याची किंमत जाईल, तू पगारी झालास तर आम्ही कोण? बिल चिडू शकला असता. हे लोक त्याच्याच दारात सावरलेले होते, त्याच्याच घरचं जेवत होते. त्यानं ऐकून घेतलं आणि नोकरी नाकारली. आमच्याकडे परत दाखल होणाऱ्यांना मी विचारतो, कशानं पुन्हा सुरू झाली? भांडण झालं म्हणून, असं निम्मे सांगतील ही माझी जुनी समजूत होती. थकलेला पगार एकदम हातात आला म्हणून, मुलीचं लग्न जमलं म्हणून सांगणारेही तितकेच निघतात.

घरात सगळं आलबेल होतं असंही नाही. नवरा प्यायचा थांबला की बायकोला सुख लागेल, असं लोइसलाही वाटलं होतं. पण आता तो रोज संध्याकाळी इतर दारुड्यांत रमलेला. एकदा बैठकीला चल, आवर, असं तो म्हणाला आणि तिनं पायातला बूट त्याच्या दिशेनं भिरकावला. त्या बुटानं तिला स्वतःकडे पाहायला लावलं. दारुड्यांच्या घरच्यांचे जे गट पुढे १९५१ मध्ये अल-अ‍ॅनॉन म्हणून उभे राहिले, त्यांच्या मुळाशी तो बूट आहे. दरम्यान १९३९ मध्ये, एएचं पुस्तक निघालं त्याच वर्षी, कर्जापायी त्यांचं घर गेलं आणि पुढची दोन वर्षं नवराबायको मित्रांकडे मुक्काम हलवत राहिले. या काळात तो प्यायला नाही, इतकंच सांगून पुढे जातो.

कारण त्याहून मोठी परीक्षा यश आल्यावर झाली. १९४१ मध्ये एका मोठ्या साप्ताहिकात लेख आला आणि एए देशभर पसरली. राहायला स्वतःचं घर मिळालं. आणि १९४४ पासून, जवळजवळ अकरा वर्षं, बिलला उदासीनतेनं गाठलं. हजारो लोक ज्याचं नाव घेऊन दारूपासून लांब राहत होते, तो ऑफिसात टेबलावर डोकं टेकून बसायचा. तो मानसोपचारतज्ज्ञाकडे, हॅरी टीबाउट यांच्याकडे जाऊ लागला. संघटनेतल्या काहींना ते रुचलं नाही. स्वतःच सांगितलेल्या बारा पायऱ्या हा नीट पाळत नसणार, असं ते म्हणत. ही कुजबुज अजून संपलेली नाही. माझे काही रुग्ण उदासीनतेच्या गोळ्या बंद करून येतात, कारण गटात कोणीतरी सांगितलेलं असतं की गोळी हेही व्यसनच. त्यांना मी बिलचं उदाहरण देतो. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये, असं खुद्द एएनंच पत्रक काढून सांगितलेलं आहे.

त्या वर्षांत त्यानं काय केलं? फार भव्य काही नाही. अगदीच काही सुचेनासं झालं की तो चालायला जाई. तेवढंही जमणार नाही असं वाटे, म्हणून अंतर छोटं ठरवी, पाव मैल. चालताना श्वास मोजायचा: सहा पावलं सावकाश आत, चार पावलं बाहेर. पाव मैल जमला की पुढचा पाव. आज आम्ही उच्छ्वास लांबवायला शिकवतो, त्यानं आकडे उलटे धरले होते, पण चाल बरोबर होती. पुढे १९५३ च्या पुस्तकात त्यानं रागावर लिहिलं. मन ढवळलं की तिथल्या तिथे थांबायचं, यात आपला वाटा किती ते पाहायचं, आणि तोपर्यंत जीभ आणि लेखणी दोन्ही आवरायची. दुसऱ्यांना राग परवडत असेल, दारुड्याला तो परवडत नाही, हे त्याचं जुनं मत होतं. एएमध्ये पुढे कधीतरी भूक, राग, एकटेपण, थकवा ही चौकडी सांगायची पद्धत पडली. ती बिलची नव्हे, पण कामाची आहे. यातलं काहीही अंगात असताना मोठा निर्णय घ्यायचा नाही, एवढंच मी डिस्चार्ज कार्डाच्या मागे लिहून देतो.

१९५४ मध्ये येल विद्यापीठानं त्याला मानद पदवी देऊ केली. नाव छापायचं नाही तर नुसती आद्याक्षरं छापू, असंही कळवलं. बूमरँगवाल्या मुलासाठी याहून मोठं काय असणार? त्यानं विचार करायला वेळ घेतला, विश्वस्तांशी बोलला आणि आभार मानून नकार कळवला. मोठेपणाची आपली भूक कुठवर जाते हे आपल्याला माहीत आहे, असं कारण त्यानं दिलं. टाइम साप्ताहिकाचं मुखपृष्ठही त्यानं नाकारलं.

जानेवारी १९५८ मध्ये एएच्या मासिकात त्यानं भावनिक सोबरायटीवर एक लेख लिहिला. इतकी वर्षं दारूशिवाय राहूनही आपलं मन वयात आलेलं नाही, अशी त्याची कबुली होती. उदासीनतेच्या मुळाशी त्याला एक मागणी सापडली: लोकांनी आपल्याला मानावं, घटना आपल्या मनासारख्या घडाव्यात. ती पुरी झाली नाही की तो बुडायचा. आधी पेल्यावर टेकलेला माणूस आता शाबासकीवर टेकला होता, फरक तेवढाच. ही टेकू शोधायची सवय सोडणं दारू सोडण्यापेक्षा त्याला कठीण गेलं. मानसशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा हा लेख मला जास्त उपयोगी पडला आहे.

या पद्धतीचा उपयोग होतो का, हे पुढे शास्त्रीय पद्धतीनं तपासलं गेलं. २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेनं २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांची माहिती एकत्र पाहिली. दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत, एएशी नीट जोडून देणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीचे, काही बाबतीत सरस निघाले. आमच्याकडे आता दारूची ओढ कमी करणारी औषधंही आहेत. दोन्हींचं भांडण नाही. मुंबई-पुण्यात आणि इतरही गावांत मराठीतून बैठका भरतात, फी नसते.

बिलला संत करायची गरज नाही. लोइसशी तो एकनिष्ठ नव्हता, असं चरित्रकारांनी लिहिलं आहे. १९५६ मध्ये त्यानं डॉक्टरांच्या देखरेखीखाली एलएसडी घेऊन पाहिलं आणि सहकाऱ्यांना अडचणीत आणलं. नंतर नायसिन या जीवनसत्त्वानं सगळं बरं होतं, अशा नादाला लागला. आणि सिगारेट! दारूवर एवढा बारीक विचार करणारा हा माणूस धूर सोडतच राहिला. फुप्फुसांना एम्फिसेमा झाला, पुढे ऑक्सिजन लागू लागला. डॉक्टर म्हणून मला त्याच्या आयुष्यातली ही गोष्ट सर्वांत जास्त खुपते.

१९७० च्या अखेरीस तो घरीच अंथरुणाला खिळला होता, देखभालीला नर्स होत्या. त्यांच्या नोंदवहीत आहे की नाताळच्या सुमारास आणि नंतरही काही वेळा त्यानं व्हिस्की मागितली. मिळाली नाही म्हणून चिडलाही. घरात व्हिस्की नव्हती आणि आजूबाजूच्या कोणी ती आणून दिली नाही. २४ जानेवारी १९७१ ला श्वासाच्या उपचारासाठी त्याला विमानानं मायामीला नेलं. लोइस बरोबर होती. त्याच रात्री तो गेला. त्या दिवशी त्यांच्या लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली होती आणि त्याच्या शेवटच्या पेल्याला छत्तीस.